टपाल खात्याचा हिशेब आणि टपाल तिकिटं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्ट तोट्यात आहे ही बातमी दर काही महिन्यांनी येते. त्याच सुमारास कुणावर तरी नवं तिकीट निघतं आणि लोक विचारतात, तोट्यातल्या खात्याला हे परवडतं कसं? घरातला जुना अल्बम सापडला की वेगळाच प्रश्न येतो, हे विकून किती मिळतील? पैशांबद्दल आणि तिकिटांबद्दल सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांब आहेत, कारण विषयच तसा आहे.

टपाल खातं ही सरकारी कंपनी आहे का?

नाही. हा दळणवळण मंत्रालयाच्या अखत्यारीतला डाक विभाग आहे, म्हणजे सरकारचंच एक खातं. पोस्टाच्या खिडकीवर जमा होणारा महसूल भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीत जातो आणि खर्चासाठी दरवर्षी संसदेकडून अनुदान मंजूर करून घ्यावं लागतं. कंपनीसारखं भागभांडवल नाही, लाभांश नाही, बाजारातून कर्ज उभारायची मुभा नाही. एकूण खर्चातून इतर खात्यांकडून होणारी वसुली आणि स्वतःचा महसूल वजा केला की जे उरतं, त्याला बोलीभाषेत तोटा म्हणतात. ती रक्कम सर्वसाधारण अर्थसंकल्पातून भरून निघते.

म्हणूनच एअरलाइन किंवा टेलिफोन कंपनीच्या तोट्याशेजारी पोस्टाचा आकडा मांडणं चुकीचं ठरतं. पोस्टाच्या आकड्यात निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शनही असतं. १ जानेवारी २००४ पूर्वी नोकरीत लागलेल्यांचं पेन्शन कुठल्या साठवलेल्या फंडातून येत नाही, ते त्या-त्या वर्षीच्या खर्चातच पडतं. कंपनीच्या हिशेबात हे असं दिसत नाही.

एक जुना संदर्भही लक्षात ठेवावा. १९८५ पर्यंत टपाल आणि तार-टेलिफोन हे एकच खातं होतं, जुनी माणसं अजूनही 'पी अँड टी' म्हणतात. विभाजन झालं तेव्हा टेलिफोनची वाढती कमाई दुसरीकडे गेली आणि माणसांवर चालणारं काम टपालाकडे राहिलं.

मग तोटा नेमका कुठे होतो?

एका पोस्टकार्डाचा प्रवास बघितला तर उत्तर समोर येतं. कार्डाची किंमत ५० पैसे. कुणीतरी ते लाल पेटीत टाकतं. ठरलेल्या वेळी पेटी उघडून टपाल काढतात, तारखेचा शिक्का मारतात, थैलीत भरतात. थैली छाननी केंद्रात जाते, तिथे पिनकोडप्रमाणे गठ्ठे होतात, मग रेल्वे किंवा मोटारीने दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या मुख्य डाकघरातून उपडाकघरात, तिथून शाखा डाकघरात, आणि शेवटी डाकसेवक सायकलवरून वाडीवर नेऊन देतो. पाच-सहा माणसांचे हात लागतात आणि पैसे मिळतात ५० पैसे. २०१६-१७ च्या हिशेबानुसार एका कार्डामागे खात्याला साधारण १२ रुपये खर्च येत होता. म्हणजे खर्चाच्या जेमतेम ४ टक्के रक्कम वसूल होत होती. अंतर्देशीय पत्राची गोष्ट वेगळी नाही. त्याचा दर अडीच रुपये, खर्च जवळपास कार्डाइतकाच.

देशात सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यांतली ९० टक्क्यांच्या आसपास ग्रामीण भागात आहेत. यातल्या बहुतेकांचा खर्च स्वतःच्या उत्पन्नातून निघणं शक्यच नाही, आणि ती उघडली गेली तीसुद्धा नफ्यासाठी नाही. मेळघाटातल्या पत्राला आणि मुंबईच्या फोर्टातल्या पत्राला एकच दर, हे तत्त्व १ ऑक्टोबर १८५४ पासून चालत आलं आहे. त्याआधी अंतरावर पैसे ठरत. अंतर न बघता पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा दर आला आणि पत्र ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट झाली.

माझं मत स्पष्ट आहे. हा तोटा म्हणजे देशाने नागरिकांना दिलेल्या शब्दाची किंमत आहे आणि ती द्यायलाच हवी. फक्त ती वेगळी दाखवली पाहिजे. सरकारच्या सांगण्यावरून कमी दरात दिलेल्या सेवेचा खर्च एका रकान्यात, आणि पार्सल किंवा स्पीड पोस्टसारख्या स्पर्धेतल्या धंद्याचा हिशेब दुसऱ्या रकान्यात. आज एकच मोठा आकडा छापून येतो. त्यामुळे डोंगरातल्या डाकसेवकाचा प्रामाणिक खर्च आणि एखाद्या कार्यालयातला गलथानपणा दोन्ही एकाच नावाखाली जमा होतात. पहिल्यावर अन्याय होतो, दुसरा झाकला जातो.

पोस्टात लोकांच्या एवढ्या ठेवी आहेत. तो पैसा पोस्टाचाच ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. बचत खातं, आवर्ती ठेव, मासिक उत्पन्न योजना, ज्येष्ठ नागरिक योजना, सुकन्या समृद्धी, पीपीएफ, राष्ट्रीय बचत पत्रं यांतला पैसा डाक विभागाचा नसतो. तो राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो. हा निधी १ एप्रिल १९९९ रोजी स्थापन झाला. तिथून तो सरकारच्या कर्जउभारणीत वापरला जातो आणि व्याजदर अर्थ मंत्रालय ठरवतं.

पोस्ट इथे एजंटाचं काम करतं. खाती सांभाळण्याबद्दल त्याला अर्थ मंत्रालयाकडून ठरलेल्या दराने मोबदला मिळतो आणि हा मोबदला खात्याच्या कमाईचा फार मोठा आधार आहे. त्यामुळे मोबदल्याचा दर किंवा मोजणीची पद्धत बदलली की पत्रं-पार्सलांत काही फरक न पडताही खात्याचा महसूल एकदम वरखाली होतो. एखाद्या वर्षीचा आकडा बघून पोस्ट सुधारलं किंवा बुडालं असं म्हणण्याआधी हे तपासावं.

ठेवीदारांच्या भीतीचंही उत्तर यातच आहे. डाक विभागाच्या तोट्याचा तुमच्या ठेवीशी संबंध नाही, तिची जबाबदारी केंद्र सरकारची आहे.

टपाल जीवन विमा आणि पोस्ट पेमेंट्स बँक?

टपाल जीवन विमा १ फेब्रुवारी १८८४ पासून आहे, ग्रामीण विमा १९९५ पासून. हप्ते विम्याच्या निधीत जातात, पगारावर खर्च होत नाहीत. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक मात्र खरोखर कंपनी आहे, पूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची. १ सप्टेंबर २०१८ ला तिचं देशभर उद्घाटन झालं. तिचा ताळेबंद वेगळा असतो.

टपालाचे दर कोण ठरवतं? कार्ड अजून ५० पैशांनाच का?

१८९८ च्या जुन्या टपाल कायद्यात कार्ड, अंतर्देशीय आणि साध्या पत्राचे दर परिशिष्टातच होते. ते बदलायचे तर संसदेत वित्त विधेयकातून जावं लागे. कार्डाचा दर वाढवणं म्हणजे गरिबाच्या पत्रावर हात टाकणं, अशी भावना असल्याने कुठल्याच सरकारला ते नको होतं. परिणामी हे दर दोन दशकांहून अधिक काळ जागचे हलले नाहीत. साधं पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, तेही तसंच.

२०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात दरांचे विनियम करण्याचा अधिकार महासंचालकांकडे गेला आहे. आणखी एक बदल फारसा चर्चेत आला नाही. पत्रं वाहून नेण्याचा केंद्र सरकारचा अनन्य अधिकार जुन्या कायद्यात होता, तो नव्या कायद्यात नाही. टपाल तिकिटं काढण्याचा अनन्य अधिकार मात्र पोस्टाकडेच ठेवला आहे.

रजिस्टर्ड पोस्ट बंद झालं, हे खरं?

१ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पत्त्यावरच्या माणसाच्याच हाती देण्याची सोय आता स्पीड पोस्टवर ५ रुपये जादा भरून घेता येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दरही बदलले. ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये, बाहेरगावी ४७ रुपये, जीएसटी वेगळा. पूर्वी साधं रजिस्टर पत्र करासकट सुमारे २६ रुपयांत जात असे.

दोन समांतर यंत्रणा चालवणं खर्चिक होतं, हे मान्य. पण रजिस्टरचा वापर वेग हवा म्हणून होत नव्हता. कोर्टाची नोटीस, भाडेकरूला पत्र, ग्रामपंचायतीला अर्ज, सोसायटीची हरकत, या कामांना पोचल्याचा पुरावा लागतो, घाई नसते. अशा माणसाला बाहेरगावच्या पत्रासाठी आता दुपटीहून अधिक मोजावे लागतात. पुराव्यासाठी पाठवलेल्या साध्या पत्राला सवलतीचा दर असायला हवा होता. पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू करताना असा विचार झाला, इथे झाला नाही.

ग्रामीण डाकसेवक सरकारी कर्मचारीच ना?

नियमित कर्मचारी नाहीत. कामाचे तास रोजचे चार ते पाच धरलेले. वेतनाऐवजी वेळेशी निगडित भत्ता मिळतो. शाखा डाकपालाला सुरुवातीला १२,००० रुपये, सहायक शाखा डाकपाल आणि डाकसेवकाला १०,००० रुपये, वर महागाई भत्ता. नियमित कर्मचाऱ्यांचं पेन्शन त्यांना नाही. खेड्यातली टपालसेवा या लोकांच्या बळावर उभी आहे. काटकसरीची चर्चा होते तेव्हा आधीच कमी पैशांत काम करणारी ही फळी पहिली नजरेत भरते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिकिटं विकून खात्याला चांगला फायदा होत असेल?

तिकीट म्हणजे आगाऊ भरलेल्या पैशांची पावती. ५ रुपयांचं तिकीट विकलं तेव्हा पोस्टाने ५ रुपये घेतले आणि पुढे कधीतरी एक पत्र पोचवायची जबाबदारी घेतली. तिकीट पत्रावर लागलं की ती जबाबदारी खर्चात उतरते. ते कधीच वापरलं गेलं नाही, संग्राहकाच्या अल्बममध्ये राहिलं, तर छपाई वजा जाता सगळे पैसे खात्याकडे राहतात. स्मारक तिकिटं, मिनिएचर शीट (संग्राहकांसाठी छापलेला तिकिटाचा छोटा कागद) आणि प्रथम दिवस आवरणं (तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेली खास पाकिटं) यांमागे जगभरातल्या टपाल खात्यांचा हा हिशेब असतो.

काही छोट्या देशांनी तर याच बळावर तिजोरी भरली. लिश्टेनश्टाइन आणि सान मारिनो यांची तिकिटं संग्राहकांत पहिल्यापासून लोकप्रिय. भूतानने १९७२ मध्ये चक्क ग्रामोफोनवर वाजणारी तिकिटं काढली. भारतासारख्या देशात मात्र संग्राहकांकडून येणारी रक्कम एवढ्या मोठ्या खर्चापुढे किरकोळ आहे. शिवाय आता मोठे ग्राहक तिकीट चिकटवतच नाहीत, फ्रँकिंग मशीन (पाकिटावर टपालखर्चाचा ठसा उमटवणारं यंत्र) किंवा खात्यावरच्या हिशेबाने त्यांचं टपाल जातं. स्पीड पोस्टला तर खिडकीवर बारकोडाचं लेबल लागतं.

तिकिटं कमाईसाठी भरमसाट काढू नयेत, असं मी म्हणतो ते यासाठीच. कमाई थोडी होते आणि संग्राहकाचा विश्वास जातो. वर्षभराचा संच घेणं सामान्य माणसाला झेपेल इतकीच तिकिटं निघावीत, आणि निघालेली तिकिटं तालुक्याच्या पोस्टात मिळावीत. गाजावाजा करून प्रकाशित झालेलं तिकीट खिडकीवर मागितलं तर 'आमच्याकडे आलं नाही' हे उत्तर आजही ठिकठिकाणी मिळतं.

तिकिटं छापतं कोण?

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून तिकिटं छापली जातात. त्याआधी ती लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत. हैदराबादच्या सिक्युरिटी प्रिंटिंग प्रेसमध्येही छपाई होते. दोन्ही कारखाने आता सरकारच्या मुद्रण आणि टांकसाळ महामंडळाचे भाग आहेत. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं साडेतीन आण्यांचं, २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं मात्र स्वित्झर्लंडच्या कूरव्हॉज्ये कंपनीने छापली होती, त्यांवर 'बापू' हा शब्द हिंदी आणि उर्दूत आहे.

कोणावर तिकीट निघणार हे कसं ठरतं?

प्रस्ताव कुणीही पाठवू शकतं. तिकीटसंग्रह सल्लागार समिती शिफारस करते, निर्णय सरकारचा. जयंती-पुण्यतिथीचं शताब्दी वर्ष, राष्ट्रीय महत्त्व असे निकष असतात. हयात व्यक्तीवर तिकीट काढायचं नाही हा सर्वसाधारण संकेत, पण त्याला अपवाद झाले आहेत. पहिला अपवाद महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा. १८ एप्रिल १९५८ रोजी, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, त्यांचं तिकीट निघालं. मग १९६० मध्ये विश्वेश्वरय्या, १९८० मध्ये मदर तेरेसा, २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर. जोतीराव फुल्यांचं तिकीट १९७७ मध्ये आलं, सावित्रीबाईंचं त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९९८ मध्ये. हा उशीर मला कायम खटकतो.

'माय स्टॅम्प'वर माझा फोटो आला, म्हणजे माझ्यावर तिकीट निघालं?

नाही. नेहमीच्या तिकिटाला जोडलेल्या मोकळ्या जागेत तुमचा फोटो छापला जातो. २०११ पासून ही सोय आहे. ५ रुपयांच्या बारा तिकिटांचं शीट ३०० रुपयांना मिळतं. त्यातली ६० रुपयांची तिकिटं टपालासाठी वापरता येतात, उरलेले पैसे सेवेचे. लग्न, वाढदिवस, संस्थेचा वर्धापनदिन यांसाठी छान आहे. पण अमक्या नेत्यावर केंद्र सरकारने तिकीट काढलं, अशी बातमी वाचली की ते स्मारक तिकीट आहे की माय स्टॅम्प, हे आधी पाहावं.

तिकिटातून सरकारने कधी कर वसूल केला आहे का?

हो, आणि तो फार हृद्य इतिहास आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित आले तेव्हा १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैसे निर्वासित साहाय्य कर लागला. वेगळं तिकीट छापायला वेळ नव्हता. कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असा ठसा उमटवून ते वापरात आणलं. नाशिकची छापील तिकिटं सगळीकडे वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून गावोगावच्या पोस्टांतून रबरी शिक्के मारून काम भागवलं. त्यामुळे अक्षरांची वळणं निराळी, शाई निराळी, कुठे शिक्का तिरका, कुठे फिकट. ३१ मार्च १९७३ पर्यंत हा कर होता. त्या काळातलं घरचं पाकीट हाती लागलं तर तिकीट सोलून काढू नका. ठसा कुठल्या गावचा, हे पाकिटावरच्या शिक्क्यावरूनच कळतं.

घरात जुनी तिकिटं आहेत. किती मिळतील?

बहुतेक वेळा फार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. स्वातंत्र्यानंतरची बरीच तिकिटं लाखांच्या संख्येने छापली गेली, वापरलेली तर किलोवर विकली जातात. वयावरून किंमत ठरत नाही. किती शिल्लक आहेत आणि कुठल्या अवस्थेत आहेत, यावर ठरते. १८५२ च्या सिंध डाक तिकिटांचंच बघा. आशियातली ही पहिली चिकटवायची तिकिटं, सिंधचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी काढलेली. पांढरं आणि निळं कागदावर होतं, लाल मात्र लाखेसारख्या ठिसूळ पातळ चकतीवर. हाताळताना ते तुटायचं, म्हणून अखंड लाल तिकीट अत्यंत दुर्मीळ. गांधीजींचं १० रुपयांचं, 'सर्व्हिस' म्हणजे सरकारी वापराच्या ठशाचं तिकीट गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी फक्त शंभराच्या संख्येने निघालं. त्यांतल्या चार तिकिटांची सलग पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली.

अशा तिकिटांची नक्कल खूप होते. तज्ज्ञांचं प्रमाणपत्र नसेल तर मोठी रक्कम देऊ नका, आणि विकायच्या आधी मागचा डिंक धुऊ नका, कडेचे दात कापू नका.

पावतीवर लावतो तो रेव्हेन्यू स्टॅम्प टपालाला चालतो का?

चालत नाही. ५,००० रुपयांवरच्या पावतीला लागणारा १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प म्हणजे मुद्रांक शुल्क आहे. पोस्ट तो विकतं इतकंच, उत्पन्न टपालाचं नाही.

बाकीच्या देशांत काय चाललंय?

प्रत्येकाने वेगळी वाट धरली. ब्रिटनने २०१३ मध्ये रॉयल मेलचं खाजगीकरण केलं. पुढे तिथल्या नेहमीच्या वापरातल्या तिकिटांवर बारकोड आला, आणि बारकोड नसलेली तशी तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर बाद झाली. अमेरिकेत निवृत्तांच्या आरोग्य खर्चाची तरतूद आगाऊ करण्याची सक्ती टपाल सेवेवर २००६ च्या कायद्याने लादली होती. तोट्याचा मोठा भाग तिथून येत होता, २०२२ मध्ये ती उठवली. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने तर २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणंच थांबवलं. तिथे सरकारी पत्रव्यवहार आधीच डिजिटल झाला होता. आपल्याकडे आधार, एटीएम कार्ड, कोर्टाची कागदपत्रं अजून पोस्टमनच्या हातून येतात, त्यामुळे तो मार्ग आपला नाही.

मुलीला तिकीटसंग्रहाची आवड आहे. सुरुवात कशी करावी?

घरी येणाऱ्या पाकिटांवरून. तिकिटाभोवती थोडा कागद ठेवून कापायचं, कोमट पाण्यात तरंगत ठेवायचं, सुटलं की टिपकागदावर उलटं वाळवायचं. ओढायचं नाही. अलीकडची काही तिकिटं स्वतःच चिकटणारी असतात, ती पाण्यात नीट सुटत नाहीत, त्यांना कागदासकट ठेवावं. नवी तिकिटं नियमित हवी असतील तर मुंबई जीपीओ किंवा नागपूरसारख्या ठिकाणच्या फिलाटेली ब्युरोत (पोस्टाच्या तिकीटसंग्रह विभागात) २०० रुपये भरून ठेव खातं उघडता येतं, मग तिकिटं घरपोच येतात. पावसाळ्यात अल्बम उभा ठेवावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी, दमट हवेने डिंक पानाला चिकटतो.

सहावी ते नववीत असेल तर 'दीनदयाळ स्पर्श' शिष्यवृत्तीची चौकशी करा. वर्षाला ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व किंवा स्वतःचं ठेव खातं लागतं, आणि तिकीटसंग्रहावर प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प असतो. अर्जाची मुदत दरवर्षी जाहीर होते, जवळच्या मुख्य डाकघरात विचारलं की सांगतात.